जाणे, येणे आणि परतणे : शासनपुरस्कृत आंतरराष्ट्रीय शैक्षणिक-सांस्कृतिक आदानप्रदान आणि मराठवाडा

प्रस्तावना

शिक्षणासाठी परदेशी जाणे ही गोष्ट मराठवाड्यातील सर्वसामान्य कुटुंबाला आजही आवाक्याबाहेरची वाटते. अहमदपूर, उदगीर, कंधार, देगलूर यांसारख्या तालुक्यांच्या ठिकाणी महाविद्यालये स्थिरावली. लातूर शहराने शालेय गुणवत्तेत स्वतःचा लौकिक निर्माण केला. 1994 मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. असे असले तरी 'आंतरराष्ट्रीय आदानप्रदान' हा शब्द या भागातील महाविद्यालयांत मूल्यांकनाच्या अहवालापुरताच वापरला जातो. हा विषय महानगरांचा आहे, तो आपला नाही, असे गृहीत धरले जाते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. मराठी समाजजीवनावर खोल परिणाम करणाऱ्या काही वैचारिक घडामोडी अशा आदानप्रदानातून झाल्या, आणि त्यांतील एक महत्त्वाची घडामोड मराठवाड्यातीलच एका महाविद्यालयात घडली.

शासनपुरस्कृत आदानप्रदानाची संकल्पना स्पष्ट करणे, तिच्या आर्थिक व राजकीय आधारांचा परिचय करून देणे, मराठी प्रदेशातील तिचे परिणाम तपासणे आणि ग्रामीण महाविद्यालयांची भूमिका निश्चित करणे ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत.

संकल्पना : शिष्यवृत्ती आणि आदानप्रदान

शिष्यवृत्ती आणि आदानप्रदान हे दोन शब्द व्यवहारात समानार्थी वापरले जातात. परंतु त्यांत मूलभूत भेद आहे. शिष्यवृत्ती ही व्यक्तीला दिलेली मदत असते. आदानप्रदान हा दोन समाजांमधील व्यवहार असतो. शिष्यवृत्तीचा हिशेब विद्यार्थ्याला प्रवेश व पदवी मिळाली की पूर्ण होतो. आदानप्रदानाचा हिशेब मात्र तीन बाजूंनी मांडावा लागतो. येथून कोण गेले, तेथून कोण आले आणि जे गेले ते काय घेऊन परतले, हे तीन प्रश्न एकत्र विचारल्याशिवाय कोणत्याही कार्यक्रमाचे खरे मूल्यमापन होत नाही.

'शासनपुरस्कृत' हा शब्दही समजून घेतला पाहिजे. अशा कार्यक्रमांचा खर्च संपूर्णपणे किंवा अंशतः एखादे शासन करते. त्यामागे ज्ञानप्रसाराचा हेतू असतोच. त्याबरोबरच मैत्री, प्रतिष्ठा आणि परराष्ट्र धोरण हेही हेतू असतात. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती, जर्मनीतील डाड ही संस्था, युरोपीय संघाचा इरॅस्मस मुंडस कार्यक्रम, राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आणि भारताचा 1964 पासून चालू असलेला आयटेक प्रशिक्षण कार्यक्रम ही या प्रकाराची परिचित उदाहरणे होत. राज्यकर्त्यांचा हेतू आणि अभ्यासकाच्या हाती लागणारे फळ हे नेहमी एकच असते असे मात्र नाही.

संस्थानी काळातील प्रारंभ

आजच्या योजनांची मुळे संस्थानी राजवटींत सापडतात. ज्या हैदराबाद संस्थानात पूर्वी मराठवाडा समाविष्ट होता, त्या संस्थानाच्या निजामाने दिलेल्या शिष्यवृत्तीवर 1895 मध्ये सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजेच पुढे सरोजिनी नायडू म्हणून प्रसिद्ध झालेल्या कवयित्री, इंग्लंडला गेल्या. परंतु ही संधी राजधानीतील सुशिक्षित कुटुंबाला मिळालेली संधी होती. संस्थानातील मराठी भाषक ग्रामीण जनतेसाठी उच्च शिक्षणाची दारेच त्या काळी फारशी उघडी नव्हती.

दुसरे उदाहरण बडोदा संस्थानाचे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी 1913 मध्ये भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. तिच्यासोबत एक करार होता. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा करावी, अशी त्यातील अट होती. 1915 मध्ये त्यांनी एम.ए. पदवी मिळविली. मे 1916 मध्ये भारतातील जातींची उत्पत्ती व यंत्रणा या विषयावरील आपला निबंध त्यांनी कोलंबियातील एका चर्चासत्रात वाचला.

या कथेचा पुढचा भाग आदानप्रदानाच्या अभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. 1917 मध्ये करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. परंतु त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. ज्या पारशी विश्रामगृहात त्यांनी आश्रय घेतला तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. परदेशी विद्यापीठाने त्यांना ग्रंथालयात, वर्गात आणि चर्चासत्रात समान स्थान दिले होते. मायदेशी परतल्यावर एक खोली मिळेना. करारात परतण्याची अट होती. परतणाऱ्याला सामावून घेण्याची अट मात्र समाजावर कोणीही घातलेली नव्हती. आदानप्रदानाच्या कोणत्याही योजनेतील सर्वांत दुर्बळ दुवा कोणता, हे या एका प्रसंगातून स्पष्ट होते.

करार, निधी आणि राजकारण

दुसऱ्या महायुद्धानंतर आदानप्रदानाला आंतरराष्ट्रीय करारांचे स्वरूप आले. अमेरिकी सिनेटर विल्यम फुलब्राइट यांच्या पुढाकाराने 1 ऑगस्ट 1946 रोजी एक कायदा संमत झाला. युद्ध संपल्यावर अनेक देशांत पडून राहिलेली अमेरिकेची अतिरिक्त युद्धसामग्री विकावी आणि त्या त्या देशाच्या चलनात येणारा पैसा विद्यार्थी व अध्यापकांच्या देवाणघेवाणीसाठी वापरावा, अशी ही योजना होती. भारताशी यासंबंधीचा करार 2 फेब्रुवारी 1950 रोजी झाला. 2008 मध्ये नवा करार होऊन भारत शासन खर्चाचे समान भागीदार बनले आणि कार्यक्रमास 'फुलब्राइट-नेहरू' असे नाव मिळाले.

निधीचा दुसरा मोठा स्रोत अन्नधान्याचा होता. अमेरिकेच्या 'पीएल-480' या कायद्यान्वये 1956 पासून भारतात गहू येऊ लागला. त्याची किंमत भारत रुपयांत अदा करीत असे. हे रुपये अमेरिकेला देशाबाहेर सहजासहजी नेता येत नसल्याने ते भारतातच साठत गेले. त्यांतील काही भाग अमेरिकी अभ्यासकांच्या भारतातील संशोधनासाठी आणि भारतीय भाषांतील पुस्तकांच्या खरेदीसाठी वापरण्यात आला. मराठी पुस्तके अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत नियमितपणे पोहोचू लागली ती याच व्यवस्थेतून. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या गव्हाचा आणि दूरदेशी ग्रंथालयातील मराठी कादंबरीचा असा संबंध असू शकतो, हे सहसा ध्यानात येत नाही. 1974 मध्ये या साठलेल्या रकमेचा मोठा भाग अमेरिकेने भारतास परत केला.

भारत शासनानेही या क्षेत्रात लवकर पाऊल टाकले. मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने 1950 मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली. परदेशी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देणे हे तिचे प्रमुख कार्य आहे. भारत व मॉरिशस या दोन शासनांच्या सहकार्याने मॉरिशसमधील मोका येथे 1970 मध्ये महात्मा गांधी संस्थेची पायाभरणी झाली. तेथे भारतीय भाषांबरोबर मराठीचेही अध्यापन होते. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून समुद्रापार गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांना आपली भाषा औपचारिकपणे शिकण्याची सोय त्यामुळे झाली.

शासनाचा पैसा आला की शासनाचे धोरणही येते. राजकीय हस्तक्षेपाचा आक्षेप घेऊन जून 2025 मध्ये अमेरिकेतील फुलब्राइट मंडळाच्या बहुतेक सदस्यांनी राजीनामे दिले. सुमारे आठ दशकांची परंपरा असलेला कार्यक्रमही राजकीय वाऱ्यापासून सुरक्षित नसतो, हे यातून दिसून येते.

परतलेल्या अध्यापकाचे महाविद्यालय

डॉ. आंबेडकर यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. परदेशातून परतल्यावर ज्याला राहावयास जागा मिळाली नव्हती, त्यानेच मराठवाड्यातील वंचित विद्यार्थ्यांसाठी ज्ञानाची जागा निर्माण केली, असा या घटनेचा अर्थ आहे.

या महाविद्यालयाचे एक प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे हे इंग्रजीचे अध्यापक. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात संशोधन करून ते परतले, तेव्हा तेथील कृष्णवर्णीयांचे साहित्य आणि त्यामागील संघर्ष यांची जाण त्यांच्याजवळ होती. ही जाण त्यांनी वर्गाच्या पलीकडे नेली. मराठीतील तरुण दलित लेखकांशी झालेल्या चर्चांतून कृष्णवर्णीय लेखकांचा अनुभव आणि येथील अस्पृश्यतेचा अनुभव यांची तुलना होऊ लागली. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली औरंगाबादहून निघणाऱ्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाने या चर्चेला व्यासपीठ दिले. 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथर या संघटनेचे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतलेले होते. दलित साहित्याची मुळे अर्थातच येथील मातीत आणि आंबेडकरी चळवळीत आहेत. परंतु आपल्या अनुभवाला जगात समांतर अनुभव आहे, ही जाणीव दृढ होण्यास आदानप्रदानाचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही.

याच विषयाची लातूरशी असलेली सांगडही नोंदविण्यासारखी आहे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्य व संस्कृती या विषयावर मराठीत ग्रंथ लिहिला. जिल्ह्याच्या ठिकाणी अध्यापन करणारा इंग्रजीचा प्राध्यापक सातासमुद्रापलीकडील समाजाचा अभ्यास मराठी वाचकासाठी करतो, ही आदानप्रदानाची सर्वांत फलदायी पायरी होय. येथे ज्ञान व्यक्तीच्या पदवीपुरते न राहता भाषेचे झाले.

मिलिंद महाविद्यालयाच्या उदाहरणावरून तीन घटक ठळकपणे दिसतात. पहिला, परतलेला अध्यापक. दुसरा, त्याचे ऐकून घेणारी संस्था. तिसरा, ते ज्ञान स्वभाषेत उतरविणारे नियतकालिक. या तिहींपैकी एक जरी नसता तरी ते ज्ञान एका व्यक्तीच्या प्रबंधात बंद राहिले असते.

येणारे अभ्यासक

आदानप्रदानाची दुसरी बाजू म्हणजे बाहेरून येणारे अभ्यासक. 1961 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे पहिले केंद्र पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये होते. अमेरिकी शासनाच्या निधीचे साहाय्य लाभलेल्या या संस्थेने मराठी शिकण्याची सोय पुण्यात उपलब्ध करून दिली. पुढील काळात महाराष्ट्राचा अभ्यास करणारी परदेशी अभ्यासकांची एक परंपराच उभी राहिली.

एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावरील प्रबंध 1969 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास सादर केला. भारतातील अनेक विद्यापीठे या विषयाकडे पाहावयास तयार नव्हती तेव्हा हे काम झाले. गेल ऑम्व्हेट 1963-64 मध्ये फुलब्राइट कार्यक्रमांतर्गत इंग्रजीच्या अध्यापनासाठी प्रथम भारतात आल्या. पुढे त्यांनी महात्मा फुले यांच्या काळापासूनच्या ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन केले, भारताचे नागरिकत्व स्वीकारले आणि सांगली जिल्ह्यातील कासेगाव येथे आयुष्य व्यतीत केले. 2021 मध्ये त्यांचे निधन झाले. मॅक्सिन बर्नसन 1966 मध्ये भाषाशास्त्रीय संशोधनासाठी फलटणला आल्या आणि तेथेच स्थायिक झाल्या. परकीयांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके त्यांनी तयार केलीच. शिवाय फलटणच्या मुलांसाठी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. ॲन फेल्डहाउस यांनी महानुभाव ग्रंथांचा आणि गोदावरीसह महाराष्ट्रातील नद्यांच्या धार्मिक अर्थांचा अभ्यास इंग्रजी वाचकांसमोर ठेवला.

या अभ्यासकांमध्ये एक समान सूत्र आढळते. त्यांनी प्रथम मराठी शिकली. फुलब्राइट कार्यक्रम इंग्रजी शिकविण्यासाठी अध्यापक पाठवितो आणि त्यातील एक व्यक्ती मराठी शिकून येथील शेतकरी-श्रमिकांच्या चळवळीत उभी राहते, हे कोणत्याही शासकीय उद्दिष्टात लिहिलेले नव्हते. अभ्यासक दीर्घकाळ राहिला आणि त्याने स्थानिक भाषा आत्मसात केली तर योजना तिच्या कर्त्यांच्या कल्पनेपलीकडे जाते.

येथे मराठवाड्याने आत्मपरीक्षण करणे आवश्यक आहे. वरील अभ्यासकांची मुख्य केंद्रे पुणे, फलटण, कासेगाव अशी पश्चिम महाराष्ट्रात राहिली. लातूर-नांदेड परिसर अभ्यासविषय म्हणून दुर्लक्षितच राहिला. वस्तुतः मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या भाषा जेथे एकमेकींत मिसळतात असा हा सीमाप्रदेश आहे. कंधार व उदगीरचे किल्ले, खरोशाची लेणी, माहूरचे शक्तिपीठ, नांदेडचा गुरुद्वारा, अहमदपूर परिसरातील वीरशैव लिंगायत परंपरा, निजामकालीन उर्दू दफ्तरे आणि मुक्तिसंग्रामाच्या मौखिक आठवणी ही सर्व सामग्री जगातील अभ्यासकांना देण्यासारखी आहे. आदानप्रदानात आपल्याजवळ देण्यासारखे काय आहे, हे आपणच मांडले नाही तर घेणाऱ्याला ते कळणार कसे?

वर्तमान योजना आणि त्यांच्या मर्यादा

विद्यार्थ्यांना परदेशी पाठविण्याच्या योजना आज पूर्वीपेक्षा निश्चितच अधिक आहेत. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासून चालू आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी असलेल्या या योजनेत प्रतिवर्षी 125 जागा आहेत. महाराष्ट्र शासनाने 2003 मध्ये राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सुरू केली. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या योजनेची मर्यादा पुढे 75 विद्यार्थ्यांपर्यंत वाढविण्यात आली. त्यानंतर इतर मागास वर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गासाठीही स्वतंत्र योजना आल्या. सारथी संस्थेमार्फत 2023 मध्ये सुरू झालेल्या योजनेस महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे नाव देण्यात आले.

या योजनांचे सामाजिक मोल मोठे आहे. तथापि त्यांच्या मर्यादाही स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा जागांची आहे. सर्व प्रवर्गांच्या योजना एकत्र केल्या तरी जागांची संख्या शेकड्यांतच राहते. राज्यातील पदवीधरांच्या संख्येपुढे हे प्रमाण अत्यल्प होय.

दुसरी मर्यादा निकषांची आहे. जागतिक क्रमवारीतील ठराविक क्रमांकाच्या आतील विद्यापीठाचा प्रवेश आधी मिळवावा लागतो. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रे, उद्देशपत्र आणि अर्जांचे शुल्क हा खर्च विद्यार्थ्यालाच करावा लागतो. गरिबांसाठी असलेल्या योजनेचे पहिले दार उघडण्यासाठीच काही रक्कम हाताशी असावी लागते.

तिसरी मर्यादा विषयांची आहे. 2022 मध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शक सूचनांत बदल करण्यात आला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळण्यात आले. असे विषय देशातच उत्तम प्रकारे अभ्यासता येतात, अशी त्यामागील भूमिका मांडली गेली. या भूमिकेचा विचार करताना 1916 मधील कोलंबियातील तो निबंध आठवल्याशिवाय राहत नाही. आजच्या निकषांनुसार त्या विषयासाठी ही शिष्यवृत्ती मिळाली नसती. स्वतःच्या समाजाकडे काही अंतरावरून, अन्य समाजांशी तुलना करून पाहता येणे हाच परदेशी अभ्यासाचा एक मोठा लाभ असतो. तो लाभ नेमका ज्यांना सर्वाधिक आवश्यक आहे त्यांच्यासाठीच ही वाट बंद झाली.

चौथी मर्यादा परतण्याची आहे. फुलब्राइट कार्यक्रमात अभ्यासकाला मायदेशी किमान दोन वर्षे राहिल्याशिवाय अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना मिळत नाही. परंतु केवळ नियमाने परतणे फलद्रूप होत नाही, हे बडोद्याच्या उदाहरणाने दाखविले आहे. विद्यार्थी कोणत्या विद्यापीठात गेला याची बातमी वृत्तपत्रांत येते. तो परत आल्यावर त्याला कोणत्या महाविद्यालयाने व्याख्यानासाठी बोलाविले, याची विचारणा सहसा होत नाही.

ग्रामीण महाविद्यालयाची भूमिका

या परिस्थितीत तालुक्याच्या ठिकाणचे महाविद्यालय काय करू शकते? मोठ्या निधीची वाट न पाहता पुढील गोष्टी शक्य आहेत.

1. द्वितीय वर्षापासूनच विद्यार्थ्यांना योजनांची माहिती द्यावी. अंतिम वर्षाच्या निकालानंतर जाहिरात वाचणाऱ्या विद्यार्थ्याची वेळ निघून गेलेली असते.

2. शिफारसपत्र लिहिणे हे अध्यापकाचे व्यावसायिक कौशल्य मानावे. सर्वांना एकच ठरलेला मजकूर देण्याची पद्धत विद्यार्थ्याचे नुकसान करते.

3. पासपोर्ट, गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रती, उत्पन्नाचा व जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांची पूर्वतयारी करून घ्यावी. अनेक अर्ज बुद्धिमत्तेअभावी नव्हे, कागदपत्रांअभावी मागे पडतात.

4. परदेशातून परतलेल्या माजी विद्यार्थ्यास वर्षातून एकदा तरी वर्गात बोलवावे आणि त्याचा अनुभव महाविद्यालयाच्या नियतकालिकात मराठीतून प्रसिद्ध करावा.

5. परिसरातील हस्तलिखिते, शिलालेख, लोकपरंपरा व मौखिक इतिहास यांची सूची तयार करावी. बाहेरचा अभ्यासक येण्यासाठी ही सूची निमंत्रणपत्रिकेचे काम करील.

6. पुणे व छत्रपती संभाजीनगर येथे शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना अल्पकाळासाठी ग्रामीण महाविद्यालयात निमंत्रित करावे. आपल्या विद्यार्थ्याला जगाशी परिचय करून देण्याचा हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे.

निष्कर्ष

शासनपुरस्कृत आदानप्रदानाचा इतिहास पाहता निधी कोणत्याही मार्गाने आला, तरी त्याचे फळ शेवटी व्यक्ती, संस्था आणि भाषा यांवर अवलंबून राहिले असे दिसते. संस्थानाचा खजिना, युद्धसामग्रीची विक्री, गव्हाची किंमत आणि सामाजिक न्याय विभागाची तरतूद हे सर्व निधीचे मार्ग होते. त्यांतून मराठी समाजाला जे मिळाले ते परतलेल्यांनी आणि येथे येऊन राहिलेल्यांनी दिले.

मराठवाड्यात आज जाण्याच्या वाटा थोड्या का होईना, निर्माण झाल्या आहेत. येण्याच्या वाटा जवळजवळ नाहीत आणि परतण्याची वाट कोणाच्याच विचारात नाही. शासनाने जागा वाढवाव्यात आणि वगळलेले विषय पुन्हा समाविष्ट करावेत, ही मागणी रास्तच आहे. परंतु 1917 मध्ये बडोद्यात परतलेल्या विद्वानाला जी गोष्ट नाकारली गेली ती शासननिर्णयाने मिळणारी नव्हती. परतणाऱ्यासाठी जागा करणे हे त्या त्या गावाचे आणि त्या गावातील महाविद्यालयाचे काम आहे. अहमदपूरसारख्या गावातील महाविद्यालयाने एका परतलेल्या विद्यार्थ्यासाठी एक तास, एक वर्ग आणि नियतकालिकाची चार पाने राखून ठेवली तरी त्या कामाचा आरंभ होऊ शकतो.